टायरची पाटी आणि एका माणसाचा ओज्जा

बिझर्त बंदरातल्या मासळीबाजारामागच्या आमच्या चढावर गेल्या वर्षी पक्की बातमी होती, की तिसऱ्या मजल्यावरच्या सी खमैसने, म्हणजे खमैसरावांनी, परदेशातली बाई गाठली आहे. पुरावा भक्कम होता. साठी उलटलेला हा विधुर रोज दुपारी आपलं ताट खिडकीतल्या उजेडात ठेवायचा, फोन काढायचा, ताटाचा फोटो घ्यायचा, मग ताट जरासं फिरवून पुन्हा घ्यायचा. घरात बायको नसलेला माणूस ताटाला नटवतो ते कोणासाठी? शिवाय अधूनमधून त्याच्या खात्यात परदेशातून काहीतरी जमा होतं, हे बँकेतल्या शिपायाने चहाच्या बदल्यात सांगितलं होतं. तळमजल्यावर राहणारी आणि तिथेच बायकांचं पार्लर चालवणारी लल्ला बेया, म्हणजे बेयाबाई, तर त्या बाईचं वयही सांगायची. "चाळिशीची आहे," ती गिऱ्हाइकाच्या केसांना रंग चोपडत म्हणायची, "आणि स्वयंपाकाच्या नावाने शून्य. म्हणून तर फोटोवर पैसे पाठवते."

बाई नव्हती, वेबसाइट होती. हे कळल्यावर चढावर जरा मरगळच पसरली.

खमैसने सगळी नोकरी वसतिगृहाच्या शाळेत स्वयंपाकी म्हणून केली. त्याच्या हाताला मापं होती ती गोणीची आणि डब्याची. बायको, सालहा, गेल्यावर घरच्या शेगडीपुढे पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा त्याने घेवड्याचा रस्सा केला, आणि तो जिन्यातल्या सगळ्या घरांना पुरून उरला. दुसऱ्या दिवशी कमी करायचा म्हणून केला, तरी तेच. त्या हिवाळ्यात आमच्या जिन्यावरच्या मांजरीदेखील घेवड्याकडे पाठ फिरवून बसायला लागल्या. मग त्याने रांधणंच सोडलं. उभ्या उभ्या पावात ट्यूना आणि हरिसाची तिखट चटणी भरून खायचा आणि कुणी विचारलं तर जेवलो म्हणायचा.

तसं बघितलं तर तो वेगळं काही करत नव्हता. आमच्याकडे जेवण म्हणजे मधे वाफवलेल्या रव्याच्या कुसकुसची परात आणि भोवती माणसं. एकट्यापुरतं रांधलं असं कुणी तोंडाने म्हणत नाही. ते आजार लपवावा तसं लपवतात. पण मुलगी इब्तिसाम मॉन्ट्रियलहून दर शुक्रवारी फोन करायची. तिला बापाचं खोटं आवाजावरून कळायचं. "बाबा, काय जेवलात ते सांगू नका, दाखवा." म्हणून फोटो सुरू झाले. फोटो दाखवायचा तर ताट हवं, ताट हवं तर काहीतरी शिजायला हवं. अशा रीतीने पोरीच्या धाकाने खमैस लहान मापं शिकला. एका माणसाचा ओज्जा, म्हणजे लहानशा तव्यात टोमॅटो, एकच सॉसेज, वर दोन अंडी. एका माणसाचा कुसकुस तर त्याने कॉफीच्या भांड्यावर चहाची गाळणी बसवून वाफवला. हे ऐकून बेयाने पार्लरच्या दारातून साऱ्या चढाला ऐकू जाईल असं विचारलं होतं, "सी खमैस, उद्या काय, अंगुस्तानात मेंढा भाजणार?"

इब्तिसामने हे सगळं एका वेबसाइटवर मांडलं, बापाच्याच बोलीत. बाबांनी रोज तिथे टाकायचं, तिला तिकडे दिसेल, अशी योजना होती. पहिले काही महिने ती रोज बघायची. मग तिची नोकरी बदलली, मुलाचे दात आले, आणि शुक्रवारच्या फोनवर ती विचारायला लागली, "या आठवड्यात काय काय केलंत, बाबा?" खमैस सांगायचा. टाकलंय, बघ की, असं एकदाही म्हणाला नाही.

पण तोवर परकी माणसं यायला लागली होती. दोहामधला एक गवंडी. स्फाक्सला शिकणारी एक पोरगी, जिच्या खोलीत एकच भांडं होतं. गाबेसचा कुणी म्हातारा, ज्याने फक्त एवढंच विचारलं होतं, की चमचा म्हणजे कॉफीचा की सूपाचा. वेबसाइटच्या जागेचं भाडं निघावं म्हणून जावयाने पानावर जाहिराती लावून दिल्या होत्या, आणि बँकेच्या शिपायाला दिसले ते पैसे त्यांचे. हे पैसे कसे येतात ते खमैसने चढावरच्या कॅफेत एकदा समजावून सांगितलं, तेव्हा मोबाइल दुरुस्तीवाला शेदली पलीकडच्या खुर्चीत बसला होता.

"तू ओज्जा फुकट शिकवतोस," शेदली म्हणाला, "मग पैसे देतं कोण?"

"टायरवाला."

"टायरचा ओज्जाशी काय संबंध?"

"काही नाही. समज, तू माझ्याकडे फुकट जेवायला आलास. माझ्या भिंतीवर टायरची पाटी आहे. जेवताना ती तुला दिसते. टायरवाला मधल्या कंपनीला पैसे देतो, कंपनी स्वतःचा वाटा कापून घेते, उरलेला चुरा मला. पाटीवर कुणी बोट ठेवून टायरवाल्याच्या दुकानात गेलाच, तर चुरा जरा जाड."

"आणि मी पाटीकडे बघितलंच नाही तर?"

"डोळे उघडे होते ना? मग बघितलीस."

"पण माझ्याकडे गाडीच नाही, सी खमैस."

"नसू दे. तरी तू अर्धा मिलीम आहेस. नीट बस खुर्चीत."

कॅफे हसला; मिलीम म्हणजे आमच्या दिनाराचा हजारावा भाग. बेया त्या वेळी रस्त्यातून चालली होती, ती थांबून म्हणाली, "मला हल्ली जिथे तिथे गुडघ्याचा पट्टाच दाखवतात. माझे गुडघे त्यांना कोणी सांगितले?"

"तू अख्ख्या चढाला सांगितलेस, लल्ला बेया. कंपनीला वेगळं सांगायची काय गरज?"

पैशाची गोष्ट त्याने सांगितली. दुसरी एक होती, ती सांगितली नाही. कंपनीच्या हिशेबाच्या पानावर वरच्या कोपऱ्यात एक आकडा असायचा: या घडीला तुमच्या पानावर किती माणसं आहेत. तो हलायचा, वाढायचा, घटायचा, जित्या माणसासारखा. दुपारी जेवणाच्या वेळेला तो सगळ्यात मोठा व्हायचा. खमैस कॉम्प्युटर टेबलावर समोर ठेवायचा, सालहाच्या जागी, ताट आपल्यापुढे घ्यायचा, आकडा चाळीसवर चढेपर्यंत थांबायचा आणि मग मोठ्याने बिस्मिल्ला म्हणून पहिला घास घ्यायचा. चाळीस घरांतली चाळीस माणसं, कुणी तव्यापाशी, कुणी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून. पोळलेली जीभ, सांडलेला टोमॅटो. त्याला कुणाचं तोंड दिसत नव्हतं, पण जेवण एकट्याचं नव्हतं.

रमजान सरला, उन्हाळा आला, आणि आकडा उतरायला लागला. आधी त्याला वाटलं, लोक समुद्रावर गेले असतील. पाव्हणेरावळे आले असतील, सगळी परातीभोवती बसत असतील, चांगलंच आहे. पण शाळा उघडल्या तरी आकडा वीसच्या वर जाईना. मग पंधरा. खमैसने आपल्या जुन्या पाककृती तपासून काढल्या, कुठे जिरं जास्त पडलं का म्हणून. दोहाचा गवंडी घरी परतला असेल, त्याने मनाशी धरलं. स्फाक्सच्या पोरीचं लग्न झालं असेल. गाबेसच्या म्हाताऱ्याचं काय झालं असेल, ते त्याने मनात पुरं होऊ दिलं नाही. लिहून विचारावं तर कुणाला? जेवणारी माणसं सहसा काही लिहीत नाहीत.

आकड्याबरोबर चुराही घटला. डिसेंबरात जागेचं भाडं भरायचं होतं. म्हणून त्याने कंपनीने सुचवल्याप्रमाणे पाट्या वाढवल्या. आधी एक डावीकडे होती, ती दोन्ही बाजूंना झाली. मग दोन पायऱ्यांच्या मधे एक. मग एक अशी, की पान उघडलं की सगळ्यावर पडदा टाकून उभी राहते आणि तिला घालवायची फुली खसखशीच्या दाण्याएवढी. त्याला स्वतःला ती आवडली नव्हती. पण भिंत भाड्याने दिली, तर भाडेकरू खिळा कुठे मारतो ते कोण बघतो? आकडा आठावर आला.

त्या शुक्रवारी तो इब्तिसामला म्हणाला, "डिसेंबरपर्यंत बघतो. माणसं आली नाहीत तर बंद करून टाकतो."

"करा की, बाबा," ती मायेने म्हणाली. "उगाच दगदग कशाला? झालं ना आता, तुम्हाला जेवायची सवय लागली."

दुसऱ्या दिवशी आकडा सहा होता. त्याने बिस्मिल्ला मनातल्या मनात म्हटलं.

नोव्हेंबरात त्याच्या फोनची काच तडकली, म्हणून तो शेदलीच्या दुकानात गेला. दुकानाच्या काचेवर नवा कागद चिकटवलेला होता: जाहिराती बंद करून मिळतील, तीन दिनार. आत बेया आधीपासून उभी होती, तिचा फोन चार्ज होत नव्हता. शेदलीने फोनच्या भोकातून सुईने मैदा काढला, चांगला चिमूटभर, आणि विचारलं, "लल्ला बेया, फोन घेऊन पुऱ्या तळता की काय?" फोन तारेला लावताच जिवंत झाला. पडद्यावर जे पान उघडं राहिलं होतं ते झळकलं. एका माणसाचा ओज्जा.

बेयाने फोनवर हात टाकला, पण तार आखूड होती.

तिच्याबद्दल एवढं सांगायला हवं, की बेयाचे दोन्ही मुलगे पालेर्मोला होते आणि नवरा त्याच्याही पलीकडे कुठेतरी. ती रोज सांगायची, मी परातभर करते बाई, मुलगे कधी अचानक आले तर. बायकाही म्हणायच्या, बरोबर आहे. गाळणीतल्या कुसकुसवरून खमैसला सगळ्यात जास्त छळलं असेल तर तिने.

खमैसने तिच्याकडे बघितलंच नाही. तो पडद्यावर वाकला होता. त्याचंच पान, त्याचाच फोटो, ताटाच्या कडेला त्याच्याच अंगठ्याची सावली. पण दोन्ही बाजू कोऱ्या होत्या. पायऱ्यांच्या मधे काही नव्हतं. पडदा टाकणारी ती नव्हती.

"माझ्या पाट्या कुठे गेल्या?" त्याने विचारलं.

"उडवल्या," शेदली अभिमानाने म्हणाला. "मी बसवलंय ना. दाराशी पहारेकरी असतो बघा, पाटी घेऊन कुणी आला की हाकलतो. आता सगळे हेच बसवतात. नव्या फोनमध्ये तर येतानाच असतं."

"मग हिला कंपनी मोजत असेल का?"

"कशी मोजेल? मोजणारा पाटीबरोबरच येतो. पाटीला हाकललं की तोही बाहेर."

खमैसने पडद्यावरच्या कोऱ्या कडेवर बोट ठेवलं. "म्हणजे माणूस आत आहे, जेवतोय, पण मोजला जात नाही."

"अगदी तसंच."

"असे किती असतील?"

"ते कसं कळणार, सी खमैस? मोजले जात नाहीत म्हणून तर."

आता बेयाला कंठ फुटला. "मी काय करणार होते?" ती भांडणाच्या सुरात म्हणाली. "हात अंड्यात, तवा पेटलेला, आणि तुझा टायर येऊन बसतो पुढ्यात. ती फुली मला दिसतसुद्धा नाही. माझं सॉसेज जळलं त्या टायरपायी. दोनदा."

"मला सांगायचंस."

"काय सांगणार होते? मी तुझं वाचते म्हणून?"

शेदलीने उगाच सुई पुसली. खमैस काच न बदलताच घरी गेला, आणि गेल्या गेल्या त्याने पडदा टाकणारी ती पाटी काढून टाकली, मग पायऱ्यांमधल्या. त्या दुपारी आकडा पाच होता. खमैस त्याच्याकडे बघत राहिला. पाच की पन्नास? आत कुणी असेल, नसेलही. पूर्वी रिकामी खोली रिकामी आहे हे तरी ठाऊक होतं.

इकडे बेयाला झोंबलं होतं. भाड्याची आणि डिसेंबरची गोष्ट खमैस कॅफेत बोलून गेला होता, ती तिने शेदलीकडून काढून घेतली. वर्गणी काढली तर खमैस दार लावून घेईल, हे तिला ठाऊक होतं. पण चढावर कुणाची गाडी अडली की चारजण न सांगता ढकलायला जातात. ढकलायची कुठे, एवढं कळलं की पुरे. शनिवारी पार्लर भरलेलं असताना तिने दार लोटून घेतलं आणि प्रत्येकीचा फोन मागितला.

"पहारेकरी काढा," ती म्हणाली. "आता मी सांगते ते पान उघडा. पाटी दिसली की बोट ठेवायचं. बाहेर यायचं, पुन्हा ठेवायचं."

"कशावर ठेवू?" ड्रायरखालच्या एकीने विचारलं.

"तू टायर घे. तू वॉशिंग मशीन. गुडघ्याचा पट्टा माझा."

"लल्ला बेया, माझ्याकडून पट्टा मागवला गेला वाटतं."

"असू दे. मी घेईन तो."

दुपारपर्यंत पार्लरमध्ये एक डोकं धुतलं गेलं नाही. कॅफेतल्या पुरुषांना कळलं, तर तेही मागे राहिले नाहीत. पत्ते बाजूला ठेवून त्यांनी पार्लरच्याच वायफायवर बोटं चालवली, कारण कॅफेचं वायफाय नेहमीसारखं बंद होतं. मासळीबाजारातून परतणाऱ्यांनाही थांबवून दाबायला लावलं. असा आनंद चढावर सुंतेच्या जेवणालाच दिसतो. वर तिसऱ्या मजल्यावर खमैसला आकडा दिसला तेव्हा त्याच्या हातातला घास तसाच राहिला. तीस. बेचाळीस. पन्नासच्या वर. त्याने बिस्मिल्ला इतक्या मोठ्याने म्हटलं, की पार्लरमध्ये ऐकू आलं आणि बायकांनी एकमेकींना ढोसलं.

सोमवारी कंपनीचा निरोप आला. आपल्या पाट्यांवर एकाच ठिकाणाहून मुद्दाम बोटं ठेवली गेली आहेत, हा जाहिरातदारांचा विश्वासघात आहे, खातं बंद करण्यात येत आहे, जमलेली रक्कम ज्याची त्याला परत जाईल. खातं गेलं म्हणून हिशेबाचं पान गेलं, आणि पानाबरोबर कोपऱ्यातला आकडा.

तो निरोप समोर ठेवून बसला असतानाच बेया जिना चढून आली, धापा टाकत, तोंडभर हसत. "बघितलंस ना शनिवारी?" ती म्हणाली. "किती झाले? भाडं निघालं की नाही?"

खमैसने तिच्याकडे बघितलं. मग कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. बेयाने वाचलं, चष्मा काढला, पदराने पुसावा तसा ओढणीने पुसला, पुन्हा वाचलं.

"चोर म्हणतात?" ती हळूच म्हणाली. "आम्हाला?"

"मला म्हणतात," खमैस म्हणाला. "तुम्ही त्यांना माहीतच नाही."

त्याने कंपनीला लिहिलं, की ते शेजारी होते, त्यांच्या मनात पाप नव्हतं. उत्तर आलं, की निर्णय बदलणार नाही. खाली कुणाचं नाव नव्हतं.

मग ताटं यायला लागली. चढाला कुणाची माफी मागायची असली की तोंड उघडत नाही, झाकलेलं ताट पाठवतो. सुक्या पाल्याच्या पुडीत मांस शिजवलेली मलूखिया आली, भरलेली मिरची आली, भोपळ्याचा कुसकुस आला, प्रत्येक ताट चौघांना पुरेल असं. जिन्यात ताट ठेवायचं, दार वाजवायचं आणि उतरून जायचं. खमैस दार उघडेपर्यंत पायऱ्यांवर चपलांचा आवाज तेवढा उरायचा. फ्रिज भरला. टेबल भरलं. स्वतः रांधायला कारणच राहिलं नाही, फोटो काढायलाही नाही. सालहाच्या जागेवरचा कॉम्प्युटर त्याने मिटून कपाटात ठेवला आणि तिथे भरलेल्या मिरच्यांचं भांडं ठेवलं. दुपारी तो लोकांचं अन्न पुढ्यात घेऊन बसायचा, आणि ते चवीला चांगलं असायचं, आणि तो थोडं खाऊन झाकून ठेवायचा. शुक्रवारी इब्तिसामने विचारलं, "काय जेवलात?" तो म्हणाला, "पुष्कळ." त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून तिला आवाजावरून काही कळलं नाही.

डिसेंबर आला. भाड्याच्या तारखेच्या दिवशी खमैस सकाळी सगळी ताटं धुऊन, जिन्यातल्या ज्या त्या दारापुढे ठेवून आला. रिकामी. आमच्याकडे ताट रिकामं परत करत नाहीत, म्हणून सगळ्यांना वाटलं माणूस रागावला. बेयाने तर ते ताट हातात घेऊन पार्लरचं दार अर्धा तास उघडलं नाही. तिथून तो थेट बँकेत गेला. शिपायाने लगेच सांगितलं, पैसे पेन्शनमधून काढले, कुठेतरी बाहेर पाठवले.

त्या दुपारी पानावर नवा पदार्थ आला: एका माणसाची मलूखिया. ती थोडी करता येतच नाही, सकाळपासून शिजते, असं सगळं जग मानतं. त्याने केली होती, कॉफीच्या भांड्यात. बाजूला कुठेही पाटी नव्हती.

बेया फोन हातात घेऊनच वर आली. दार उघडं होतं. खमैस शेगडीपाशी होता, कॉम्प्युटर आपल्या जागी परत आला होता, पण पडद्यावर त्याचंच पान होतं, कोपरा कोरा.

"पैसे देणारा गेला," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "मोजणाराही गेला. कोण आलं, कोण गेलं, तुला आता दिसत नाही. वर खिशातून घालतोस. मग हे लिहितोस कोणासाठी, सी खमैस?"

खमैसने भांड्यावर झाकण ठेवलं.

"तुझ्यासाठी," तो म्हणाला. "कांदा जाळतेस. वास वर येतो."